सीएसएमटी ते गेटवे: फोर्टची पायी फेरी स्वतः कशी घडवून आणाल

सीएसएमटीहून सरळ चालत सुटलं तर अर्ध्या-पाऊण तासात गेटवे गाठता येतं. वाटेत निम्मी जुनी मुंबई लागते, पण बघतो कोण? ऑफिसची वेळ, समोरचा सिग्नल आणि पायाखालचा फूटपाथ, एवढ्यावरच नजर. या इमारतींचं खरं काम पहिल्या मजल्याच्या वर सुरू होतं, आणि तिकडे मान वर करून बघायला रविवारची सकाळ लागते.

गावाकडचे पाहुणे, सोसायटीतली मंडळी किंवा शाळेतल्या मुलांचा गट घेऊन ज्यांना ही फेरी स्वतःच काढायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख. पैसे देऊन नेणारे चांगले गाइड मुंबईत आहेत, पण आपल्या माणसांना आपणच फिरवून आणण्यात वेगळी गंमत आहे. त्यासाठी इतिहासाचे प्राध्यापक असायची गरज नाही. प्रत्येक इमारतीसमोर एकच प्रश्न विचारायचा: हिचा पैसा कोणी दिला आणि हात कोणाचे लागले? शैली, सन, गव्हर्नरांची नावं लोक संध्याकाळपर्यंत विसरतात. कापसाच्या सट्ट्यातून उभा राहिलेला मनोरा किंवा लॉटरी काढून बांधलेला टाउन हॉल मात्र विसरत नाहीत.

आधीची तयारी

दिवस रविवार आणि वेळ सकाळी सात-सव्वासात. फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग, त्यामुळे रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात आणि चौकात उभं राहून बोलता येतं. याची किंमतही मोजावी लागते. हायकोर्ट आणि विद्यापीठ त्या दिवशी बाहेरूनच पाहावं लागतं, आणि कचेरीवाल्यांवर चालणारी बरीच उपाहारगृहं बंद असतात. एखाद्या वास्तूच्या आत शिरायचंच असेल तर कामाच्या दिवशी वेगळं या. दोन्ही एका फेरीत बसवायला गेलात की दोन्ही अर्धवट राहतात.

रविवारी निघायचं म्हणजे मेगाब्लॉक आलाच. जाताना फारसा त्रास होत नाही, कारण ब्लॉक सहसा सकाळी उशिरा सुरू होतो. अडचण परतताना होते. म्हणून आदल्या दिवशी वेळापत्रक डोळ्याखालून घाला आणि कल्याण-पनवेलकडून येणाऱ्यांना तशी कल्पना द्या.

माणसं आठ-दहाच असू द्या. त्याहून जास्त झाली की मागच्यांना ऐकू येत नाही, रस्ता ओलांडताना गट तुटतो आणि निम्मा वेळ माणसं मोजण्यात जातो. प्रत्येकाकडे पाण्याची बाटली, टोपी, चालून मऊ झालेले बूट आणि एखादं सरकारी ओळखपत्र असावं. ओळखपत्र काळा घोड्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, लागतं. गटात एक दुर्बीण असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून वरचं कोरीवकाम दाखवता येतं. मुलं तर तेवढ्यावरच खूश होतात.

अंतर आडवळणांसह साधारण चार-साडेचार किलोमीटर. थांबे धरून साडेतीन-चार तास ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात बरं. एप्रिल-मेमध्ये ओव्हलच्या कडेला पोचेपर्यंत लोक वैतागलेले असतात आणि मग राजाबाई टॉवर कितीही सुंदर असला तरी कोणाचं लक्ष नसतं.

चालायला लागण्याआधी दोन मिनिटं

सीएसएमटीसमोर सगळे जमले की आधी एवढंच सांगा. इथे खरोखर किल्ला होता. इंग्रजांच्या वखारीभोवती तटबंदी होती आणि तिला तीन दरवाजे होते: उत्तरेला बाजार गेट, पश्चिमेला चर्च गेट, दक्षिणेला अपोलो गेट. तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलेलं मैदान होतं. आजची आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदानं म्हणजे त्याचेच तुकडे. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तट पाडला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मोकळी झालेली जमीन आणि हातात खुळखुळणारा पैसा एकाच वेळी आला, आणि त्यातून पुढच्या तीन-चार दशकांत आज आपण बघायला निघालो आहोत ते शहर उभं राहिलं.

एवढं पुरे. याहून लांबवलंत तर लोक चहाची टपरी शोधायला लागतील.

पहिला थांबा: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस

स्टेशनाला अगदी चिकटून उभे राहू नका. भुयारी मार्गाने रस्ता ओलांडून महापालिकेच्या कोपऱ्यावर जा. तिथून संपूर्ण दर्शनी भाग एका नजरेत येतो. बांधकाम १८७८ साली सुरू झालं आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, तिचं नाव देऊन ते स्टेशन रुजू झालं. १९९६ मध्ये नाव बदललं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. २००४ पासून ही जागतिक वारसा वास्तू आहे. लोक अजून व्हीटीच म्हणतात, त्यांच्याशी वाद घालू नका.

वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. हे नाव सगळ्यांना पाठ करायला लावा, पुढे तीनदा लागणार आहे. त्याच्या हाताखाली साहाय्यक अभियंता म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते. तेही लक्षात ठेवायला सांगा.

आता बघायचं काय ते वरून खाली. घुमटाच्या टोकावर एक स्त्री उभी आहे, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. ही ‘प्रगती’. चाक कशाला, ते रेल्वे कंपनीच्या इमारतीवर वेगळं सांगायला नको. त्याखाली घड्याळ, आणि घड्याळाखाली एक रिकामा कोनाडा. तिथे राणीचा पुतळा होता. मूर्ती गेली, मखर राहिलं. बघणाऱ्याला सांगितल्याशिवाय ते कधीच दिसत नाही, आणि एकदा सांगितलं की दुसरं काही दिसत नाही. मग नजर फाटकाच्या खांबांवर आणा. एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा.

दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत काही चेहरे कोरले आहेत. ही रेल्वे कंपनीशी संबंधित बडी मंडळी. बहुतेक गोरे साहेब, पण त्यांत जमशेटजी जिजीभाई आणि पगडी घातलेले जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ हेही आहेत. मुंबईत रेल्वे यावी म्हणून नानांनी खटपट केली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. नानांचा चेहरा शोधण्याचं काम मुलांकडे द्या. दुर्बीण असेल तर दहा मिनिटं सहज जातात आणि मोठेही त्यात सामील होतात.

त्यानंतर आत. लोकलच्या तिकीट खिडक्यांचा हॉल हा या इमारतीचा सर्वांत देखणा भाग आहे, आणि तो बघायला फक्त प्लॅटफॉर्म तिकीट काढावं लागतं. रोज हजारो लोक तिथे रांगेत उभे राहतात. छताकडे कोणी बघत नाही, इंडिकेटरकडे बघतात. वरच्या टोकदार कमानी, त्यांना पेलणारे झिलईदार खांब आणि खांबांच्या माथ्यावरची कोरलेली पानं-फुलं बघा. बाहेरच्या भिंतींवर मोर, माकडं आणि इतरही प्राणी कोरलेले सापडतील. हे बहुतेक कोरीवकाम इथून पाच मिनिटांवरच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलं. कोरीवकामाला पोरबंदरचा मऊ दगड वापरला, म्हणून पाकळ्यांच्या कडा इतक्या बारीक निघाल्या. तो दगड मऊ म्हणूनच झिजतोही लवकर.

वाटेत थांबून फोटो काढू नका. घाईत असलेल्या माणसाचा धक्का लागला तर चूक तुमचीच असेल.

महापालिका आणि डी. एन. रोड

तुम्ही ज्या कोपऱ्यावर उभे होतात ती मुंबई महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. समोरासमोर दोन्ही ठेवून तुलना करा. स्टेशन आडवं पसरलं आहे, पालिका उभी चढली आहे. तिच्या कपाळावर पंख असलेली एक आकृती आहे: हिंदुस्थानातल्या पहिल्या क्रमांकाच्या नगरीची ती मूर्त कल्पना. पालिकेचा आत्मविश्वास तेव्हापासूनच दांडगा. दारात फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. इथे पैसा करदात्यांचा, हेही सांगून टाका. पालिकेच्या आतून वारसा-फेरी काढली जाते, पण आधी नोंदणी लागते, तेव्हा चौकशी करूनच बेत ठरवा.

आता दक्षिणेला दादाभाई नवरोजी रस्ता धरा. पावसाळ्यात आलात तर याच रस्त्यावर तुमची फेरी वाचते, कारण दोन्ही बाजूंना इमारतींच्या पोटातून कमानींचा झाकलेला फूटपाथ जातो. हा योगायोग नाही. १८९६ च्या नियमाने इथल्या प्रत्येक मालकाला तळमजल्यावर असा कमानींचा सज्जा सोडणं भाग होतं. इमारत कोणत्याही शैलीत बांधा, पण चालणाऱ्याला सावली द्या. त्यामुळे एकेक दर्शनी भाग वेगळा असूनही रस्ता एकसंध वाटतो. कमानींखालचे फेरीवाले हा वादाचा विषय आहे. मला विचाराल तर त्यांच्यामुळेच या कमानी अजून जिवंत आहेत. चालताना मात्र एकामागोमाग एक चाला.

या रस्त्यावर सगळीकडे थांबत बसू नका. दोन ठिकाणं पुरेत. एक, वाच्छा अग्यारी. तिच्या दारावर माणसाचं तोंड, बैलाचं धड आणि पंख असलेले प्राचीन इराणी धाटणीचे रक्षक उभे आहेत. आत पारशांशिवाय कोणाला प्रवेश नाही, तेव्हा पायरीवर चढून डोकावू नका. रस्त्यापलीकडून बघा. दुसरं, आनंद भवन आणि बुद्ध भवन. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलेलं सिद्धार्थ महाविद्यालय आज तिथे आहे. बँका, विमा कंपन्या आणि शेटजींच्या पेढ्यांच्या या रस्त्यावर गिरणगावातली, चाळींतली पोरं पदवी घ्यायला येऊ लागली, ही या फेरीतली माझ्या मते सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे. बहुतेक गाइड तिथून गप्पच पुढे जातात.

हुतात्मा चौक

इथे किल्ल्याचा चर्च गेट होता. १८६४ मध्ये त्या जागी फ्लोरा फाउंटन आलं. फ्लोरा ही रोमन पुष्पदेवता, पुतळा इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंडच्या दगडात घडवलेला, आराखडा नॉर्मन शॉ या वास्तुकाराचा. खरं तर हे कारंजं भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी होतं. तिथे न जाता ते शहराच्या ऐन मध्यावर आलं. खर्चात मोठा वाटा कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांचा.

शेजारीच संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच चौकात निदर्शकांवर गोळीबार झाला. आंदोलनात १०६ जणांनी प्राण दिले असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. इथे आवाज जरा खाली ठेवा. गटात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांना बोलू द्या. त्या काळच्या सभा, घोषणा, घरातल्या चर्चा यांच्या आठवणी ऐकायला मिळाल्या तर तुमच्या टिपणांची गरज नाही.

फ्लोराची देवी आणि मशालीची जोडी एकाच चौकटीत घ्यायची असेल तर सकाळची उन्हं कललेली असतानाच घ्या. नंतर प्रकाश सपाट होतो.

पूर्वेला वळसा: चर्च, बाग आणि टाउन हॉल

चौकातून वीर नरिमन रस्त्याने डावीकडे, म्हणजे पूर्वेला वळा. पाच मिनिटांत सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं. १७१८ मध्ये उघडलेलं हे मुंबईतलं पहिलं अँग्लिकन चर्च. किल्ल्याच्या दरवाजाला चर्च गेट म्हणत ते याच्यामुळे, आणि आपलं चर्चगेट स्टेशनही त्याच नात्याने. शहरातले जुने मैलाचे दगड याच चर्चपासूनचं अंतर सांगत. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा आत घुसू नका. संपेपर्यंत थांबा किंवा बाहेरूनच पुढे जा. आत गेलात तर भिंतींवरच्या संगमरवरी स्मृतिशिला वाचा. विशी-तिशीत तापाने आणि समुद्रावर मेलेल्या माणसांची ती यादी वाचली की ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी म्हणजे काय होतं ते कळतं.

पुढे हॉर्निमन सर्कल. जालियनवाला बागेच्या बातम्या बाहेर काढणारे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचं नाव या बागेला आहे. आधी हे एल्फिन्स्टन सर्कल होतं. त्याही आधी इथे उघड्यावर कापसाचे गठ्ठे रचलेले असत. बागेभोवती एकसारख्या कमानींच्या इमारतींचं वर्तुळ आहे. जवळच लाल रंगाची मुंबई समाचारची इमारत दिसेल. १८२२ साली फर्दुनजी मर्झबानांनी सुरू केलेलं ते गुजराती वर्तमानपत्र अजून निघतं. शेअर दलालही आधी इथल्याच झाडांखाली जमत. त्यांची संघटना १८७५ मध्ये झाली आणि दलाल स्ट्रीट इथून हाकेच्या अंतरावर आहे.

आणि समोर एशियाटिकच्या पायऱ्या. फोटोंमध्ये इतक्या वेळा दिसल्या आहेत की प्रत्यक्ष बघताना ओळखीच्या वाटतात. पायऱ्या ३०, वर डोरिक पद्धतीचे जाड पांढरे खांब. हा १८३३ साली पुरा झालेला टाउन हॉल, कर्नल थॉमस काउपरचा. पैसा जमवायला लॉटऱ्या काढल्या, तरी पुरला नाही, मग सरकारला खिशात हात घालावा लागला. गॉथिक टोकं आणि बुरूज येण्याआधीची मुंबई कशी दिसायची याचा हा नमुना: सरळ रेषा, ग्रीक थाट. १८०४ मध्ये स्थापन झालेली संस्था, जी पुढे एशियाटिक सोसायटी झाली, ती इथे आहे. तिच्या संग्रहात दान्तेच्या महाकाव्याचं जुनं हस्तलिखित आहे. आत नाना शंकरशेठांचा पुतळा आहे. स्टेशनाच्या भिंतीवर त्यांचा चेहरा ज्यांना सापडला नाही त्यांना इथे दुसरी संधी, अर्थात कामाच्या दिवशी.

पायऱ्यांवर पंधरा मिनिटं बसा. हा मधला विसावा. जवळ एखादं इराणी उघडं दिसलं तर ब्रून मस्का आणि चहा इथेच उरका. नाहीतर घरून आणलेले लाडू-चिवडा काढा. कागद-पिशव्या मात्र बरोबर परत न्या.

ओव्हलची कड: या फेरीतला सर्वांत श्रीमंत पट्टा

आल्या वाटेने हुतात्मा चौकात परत या आणि तसंच पश्चिमेला क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत जा. तिथे रंगीत काचांच्या छत्रीखाली भिखा बेहराम विहीर आहे, १७२५ ची. समुद्र इतका जवळ, तरी पाणी गोडं. पारशांसाठी ती पवित्र आहे, इतरांनी कठड्याबाहेरून पाहायची. मग डावीकडे कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. उजव्या हाताला ओव्हल मैदान, डाव्या हाताला ओळीने हायकोर्ट, विद्यापीठ, जुनं सचिवालय. फूटपाथवरून बघू नका, मैदानात शिरा. क्रिकेटच्या खेळपट्ट्या सांभाळत मध्यावर जाऊन उभे राहा. एका अंगाला १८७० च्या दशकातली टोकदार गॉथिक रांग, दुसऱ्या अंगाला १९३० च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. या आर्ट डेको इमारतींखालची जमीन बॅकबेच्या समुद्रात भराव घालून काढली. २०१८ मध्ये या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मैदानाच्या मध्यावर उभं राहिल्याशिवाय तो का मिळाला हे कळत नाही.

हायकोर्ट १८७८ चं, कर्नल जे. ए. फुलर यांचं. सरकारी बांधकाम असून अंदाजापेक्षा थोड्या कमी पैशांत पुरं झालं. हे सांगितलं की गटातला एखादा तरी ठेकेदार हसतोच. वर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. आत खांबांच्या माथ्यांवर वकिलाच्या गळपट्ट्यातला कोल्हा आणि एका डोळ्यावर पट्टी बांधून तराजू धरलेलं माकड कोरलेलं आहे. दुखावलेल्या कारागिराने सूड उगवला वगैरे कहाण्या त्याभोवती आहेत, त्या कहाण्या म्हणूनच सांगा. याच इमारतीत १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्युरीचा निकाल काहीही असो, मी निर्दोष आहे, हे त्यांचं म्हणणं आज तिथेच संगमरवरात कोरून लावलं आहे. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने ती शिला लावली, याचं मोल वकील मंडळींना वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे राजाबाई टॉवर. इथे घाई नको, वीस मिनिटं द्या. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि या गृहस्थांनी मुंबईत पाऊलही ठेवलं नाही. लंडनहून कागद पाठवले. १८६९ ते १८७८ असं काम चाललं. उंची २८० फूट. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, कापसाच्या तेजीतल्या बादशहाचा. १८६४ मध्ये त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध थांबलं, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या धडाधड बुडाल्या आणि प्रेमचंदही त्यात सापडले. दिलेलं दान मात्र राहिलं. राजाबाई हे त्यांच्या आईचं नाव. दृष्टी गेलेल्या आईला सूर्यास्तापूर्वी जेवायची वेळ घड्याळाच्या टोल्यांवरून कळावी म्हणून मनोरा बांधला असं सांगतात. जैन घरात ते शोभणारं आहे, म्हणून गोष्ट टिकली.

आता दुर्बीण काढा आणि मनोऱ्याच्या मधल्या टप्प्यावरच्या कोपऱ्यांवर रोखा. दगडी माणसं उभी दिसतील. ती कोणी संत किंवा राजे नाहीत. पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींची ती माणसं, प्रत्येकाचं पागोटं वेगळं, धोतराची तऱ्हा वेगळी. हे पुतळे घडवण्यामागे कामावरचे साहाय्यक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र होते. युरोपातल्या चर्चच्या मनोऱ्यावर जिथे संत असायचे, तिथे एका मराठी इंजिनिअरने आपली माणसं नेऊन बसवली. खालून ती बोटाएवढी दिसतात, पण पागोट्यांच्या घड्या ओळखू येतात. मनोऱ्यावर चढायला परवानगी नाही. कामाच्या दिवशी विद्यापीठाच्या आवारात परवानगीने शिरता आलं तर ग्रंथालयाच्या रंगीत काचा जरूर बघा.

जुनं सचिवालय, १८७४ चं, लांबूनच बघितलं तरी चालेल.

काळा घोडा ते रीगल

मैदानातून बाहेर पडून पूर्वेकडच्या आडव्या रस्त्याने महात्मा गांधी रस्त्यावर या. इथे कॅमेरे बाहेर निघतात आणि गट पांगतो, तेव्हा पुन्हा भेटायची जागा आधीच ठरवा. घोड्याचा पुतळा सोयीचा. मूळ काळा घोडा म्हणजे राजा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, अल्बर्ट ससून यांनी दिलेला. १९६५ मध्ये तो राणीच्या बागेत हलवला, नाव मात्र इथेच राहिलं. २०१७ मध्ये नवा घोडा आला, स्वाराविना.

पलीकडे कधीकाळचं वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती देशात पहिल्यांदा इथे दाखवल्या गेल्या. सिनेमाच्या शहराने या इमारतीची जी दशा होऊ दिली ती बघून वाईट वाटतं. सज्जांच्या खाली उभे राहू नका, रस्त्यापलीकडूनच दाखवा.

डेव्हिड ससून ग्रंथालय (१८७०) पिवळसर दगडाचं, आटोपशीर आणि माझ्या लेखी या रांगेतलं सर्वांत प्रेमळ. कमानींच्या सज्जात आरामखुर्च्या टाकून वाचत बसलेले सभासद अजून दिसतात. शेजारी एल्फिन्स्टन कॉलेज. मागच्या गल्लीत निळा-पांढरा केनेसेथ इलियाहू सिनेगॉग, १८८४ चा, तोही ससून घराण्याचाच. बगदादहून आलेल्या या ज्यू व्यापाऱ्यांनी अफू आणि कापसात कमावलं आणि मुंबईला वाचनालय, प्रार्थनास्थळ, गोदी दिली. पैशाचा उगम मुलांपासून लपवू नका. सिनेगॉगमध्ये ओळखपत्र दाखवावं लागतं, शनिवारी जाऊ नका.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला वेगळा दिवस ठेवा. बाहेरून मात्र घुमट दाखवा: विजापूरच्या गोलघुमटाचा संस्कार त्यावर आहे. वास्तुकार जॉर्ज विटेट. १९०५ मध्ये कोनशिला, पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ, १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं. आतली लाकडी कमानींची बैठक नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेऊन बसवलेली आहे.

रीगलच्या चौकात स्टीव्हन्स पुन्हा भेटतो, तोही दोनदा. महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय म्हणजे खलाशांसाठी बांधलेलं सेलर्स होम, १८७६ चं, त्याचं सुरुवातीचं काम. आणि समोरचं १९३३ चं रीगल सिनेमागृह त्याच्या मुलाचं, चार्ल्स स्टीव्हन्सचं. बापाने टोकं आणि बुरूज उभारले, मुलाने गुळगुळीत सपाट भिंती. दोन्ही एका जागी उभं राहून बघता येतात.

गेटवे आणि ताज

गेटवेला सुरक्षा तपासणी असते, बॅगा कमी असतील तर रांग लवकर सरकते. पाचवा जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये आला तेव्हा ही कमान नव्हतीच. कोनशिला त्याच वर्षी ३१ मार्चला बसवली होती, स्वागताला तात्पुरती सजावट होती. पक्की वास्तू ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. विटेटचीच, पिवळ्या बेसॉल्टमधली. समोरून सरळ येणारा रुंद रस्ता बेतात होता, पैसे संपले. म्हणून ती आजही रस्त्याशी तिरकी उभी आहे. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण या कमानीखालून निघून गेली. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, २६ जानेवारी १९६१ पासून.

ताजसमोर कोणीतरी सांगणारच की नकाशा उलटा बांधला गेला आणि वास्तुकाराने जीव दिला. ही निव्वळ कहाणी. मूळ प्रवेश मुद्दाम शहराच्या बाजूला होता. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य म्हणजे सीएसएमटीवर स्टीव्हन्सच्या हाताखाली काम केलेले तेच. हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये उघडलं, वैद्य त्याआधीच वारले होते आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्सने पुरं केलं.

ज्येष्ठ, मुलं आणि परतीची वाट

बरोबर ज्येष्ठ असतील तर फेरी हुतात्मा चौकापासून सुरू करा, स्टेशनाचा भाग गाळा. भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानक तिथेच आहे, सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. एशियाटिकच्या पायऱ्या चढायचा आग्रह धरू नका, बागेतले बाक पुरेसे आहेत. लहान मुलांसाठी चार थांबे बस्स: सीएसएमटी, एशियाटिक, ओव्हल, गेटवे. मध्ये प्रत्येकाला शोधायला एक प्राणी द्या. वाघ, सिंह, घोडा आणि पंखवाला बैल हे चौघे हमखास सापडतात.

स्वच्छतागृहाची सोय सीएसएमटीला निघण्यापूर्वीच उरका. पुढे खात्रीची जागा वस्तुसंग्रहालयाजवळ येईपर्यंत नाही. गेटवेहून चर्चगेट किंवा सीएसएमटीला बेस्टची बस किंवा शेअर टॅक्सी मिळते. ब्लॉक असेल तर हार्बरवाल्यांनी स्टेशनात तिष्ठत बसण्यापेक्षा तो वेळ वस्तुसंग्रहालयात घालवावा आणि दुपारनंतर निघावं.